आपत्ती व्यवस्थापन परिषदेला वक्ते आणि प्रशिक्षक कसे बोलवावेत?

प्रश्न: आमचं महाविद्यालय सांगलीत आहे. एनएसएसतर्फे, जिल्हा प्रशासनाला सोबत घेऊन, दोन दिवसांची आपत्ती व्यवस्थापन परिषद घ्यायची आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून सरपंच, तलाठी, आशाताई, आपदा मित्र (आपत्तीत मदतीसाठी प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक) आणि विद्यार्थी मिळून दोनशेच्या आसपास लोक येतील. वक्ते आणि प्रशिक्षक कोण बोलवावेत, कसे बोलवावेत आणि मानधनाचं काय करावं? सोबत अकरा नावांची कच्ची यादी पाठवली आहे.

उत्तर:

मॅडम, नावं बाजूला ठेवा आणि आधी एका कोऱ्या कागदावर एकच प्रसंग लिहा. ऑगस्ट महिना, रात्रीचे दोन वाजलेत. कोयनेचे सहाही वक्र दरवाजे उघडलेत, वारणेलाही पाणी आहे आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांची इशारा पातळी मागे टाकून नदी ४५ फुटांच्या धोका पातळीकडे सरकतेय. तुमच्या सभागृहात बसणारे दोनशे जण त्या वेळी काय करत असतील? सरपंच आधी कोणत्या गल्लीला उठवेल? तलाठी काय आणि कुणाला कळवेल? दिवस भरलेल्या बाईला कुठं हलवायचं हे आशाताईला माहीत असेल का? आपदा मित्र होडीत किती माणसं घेईल आणि बाकीच्यांना थांबा म्हणून कसं सांगेल?

ही कामं लिहून झाली की ती शिकवू शकेल असा माणूस शोधायचा. गेली सतरा-अठरा वर्षं मी कराड ते सांगली पट्ट्यात पूर बचाव आणि प्रथमोपचाराची प्रशिक्षणं भरवतोय. बहुतेक ठिकाणी हे उलटं होताना पाहिलं. आधी नाव ठरतं, मग नावाला शोभेल असा विषय ठरतो, आणि दुपारच्या जेवणानंतर सभागृह अर्धं रिकामं होतं. तुमच्या यादीतल्या अकरांपैकी नऊ जण उत्तम बोलणारे आहेत. हाताने करून दाखवणारे दोनच. दोनशे माणसांना हे प्रमाण पुरणार नाही.

वक्ता वेगळा आणि प्रशिक्षक वेगळा, हे आमंत्रण लिहितानाच पक्कं ठरवा. वक्त्याला तुम्ही विषय आणि वेळ देता. प्रशिक्षकाला जागा, साहित्य, गटातली माणसं आणि शेवटी त्या माणसांना काय यायला हवं, एवढं सगळं कळवावं लागतं. एक वक्ता दोनशे जणांशी बोलू शकतो. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला शिकवणारा प्रशिक्षक मात्र एका वेळी बारा-पंधरा जणांपलीकडे नीट शिकवू शकत नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी. हे ऐकून येत नाही. सरावाच्या पुतळ्यावर दोन मिनिटं दाबल्यावर खांदे भरून येतात, घाम फुटतो, तेव्हा कुठं कळतं की शेजारी बदली माणूस का लागतो. तीस जणांत एकच पुतळा असेल तर पंचवीस जण फक्त बघून घरी जातात. म्हणून प्रशिक्षकाला पहिल्याच फोनवर विचारा: तुमच्यासोबत किती सहायक येतील आणि किती पुतळे येतील? उत्तर ऐकून गट पाडा.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझी आमंत्रण देण्याची पद्धतच बदलली. पलूस तालुक्यातल्या एका गावात आम्ही लाइफ जॅकेटचं प्रशिक्षण ठेवलं होतं. बाहेरून आलेला प्रशिक्षक हुशार होता, शिकवण्याची तळमळ होती. त्याने छातीचे पट्टे आवळून दाखवले, मग खालचा पट्टा मांड्यांच्या मधून घेऊन पुढे अडकवून दाखवला. पाण्यात जॅकेट वर सरकून डोक्यातून निघू नये म्हणून तो पट्टा असतो. पुढे बसलेली पन्नाशीची एक बाई उभी राहिली. ‘‘साहेब, साडीवर हा कसा लावायचा?’’ प्रशिक्षक थांबला. त्याने कधी साडी नेसलेल्या बाईला जॅकेट घातलंच नव्हतं, त्याचे सगळे विद्यार्थी पँट घातलेले जवान. मग त्या बाईनेच पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्यांचा काष्टा मारला, पट्टा मधून घेतला आणि पुढे चाप लावला. शेजारणीने दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढून पाहिलं. जॅकेट जागचं हललं नाही. तिथल्या बायका शेतात भांगलायला, पाणी पाजायला असाच काष्टा मारून जातात. प्रशिक्षकाने तिच्याकडून ती पद्धत दोनदा करून घेतली आणि पुढच्या गटाला तिलाच शिकवायला लावलं.

तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक प्रशिक्षकासोबत मी एक स्थानिक सहप्रशिक्षक देतोच. आमंत्रणपत्रातच त्याचं किंवा तिचं नाव घालतो, परिषदेआधी दोघांचं फोनवर बोलणं घडवून आणतो. तुम्हीही हे करा. पैसे फारसे लागत नाहीत आणि शिकवणं गावाच्या अंगाला बसतं.

स्थानिक माणूस म्हणजे कोण, तर नदीकाठी वाढलेला नावाडी आलाच. गुऱ्हाळातली काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) पाण्यात सोडून माणसं काढणारे शेतकरी आले. २०१९ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्या आठवड्यात ज्यांच्या घरात किंवा शाळेत शे-दोनशे माणसं जेवली त्या बायका आल्या. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला होडी उलटून गावची माणसं बुडाली. होडीत माणसं कशी बसवायची, वजन दोन्ही बाजूंना कसं राखायचं, घाबरलेला जमाव काठावर कसा थोपवायचा, हा धडा त्या गावच्या परिसरातल्या नावाड्याइतका जिवंत कुणी शिकवू शकणार नाही. पण बोलावताना जपा. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना मंचावर उभं करून ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हणणं मला पटत नाही. आधी घरी जाऊन भेटा. बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका. हो म्हणाले तर भाषण करायला लावू नका, कुणीतरी ओळखीच्याने शेजारी बसून चार प्रश्न विचारावेत. ते प्रश्न त्यांना आदल्या दिवशी वाचून दाखवलेले असावेत, आणि मध्येच उठून जायची मोकळीक असावी.

सातारा जिल्ह्यातून लोक येणार आहेत, तर परिषद फक्त पुराची होऊ देऊ नका. पाटण तालुक्यात जुलै २०२१मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरड कोसळली. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा, पण त्या खोऱ्यात अजून धक्के बसतात आणि बरीच घरं अजून दगड-मातीची आहेत. वाईजवळ मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी काळुबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मग आग, शेकडो जीव गेले. गर्दीचं नियोजन शिकवायला बाहेरचं उदाहरण आणायची गरजच नाही. त्या दुर्घटनेनंतर यात्रेच्या बंदोबस्ताचं नियोजन केलेला एखादा पोलीस अधिकारी बोलवा. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतल्या लोकांना पुराचं काही विचारू नका. त्यांच्यासाठी उष्माघात, टँकर आणि चारा यांवर एक स्वतंत्र गट ठेवा, नाहीतर ते दोन दिवस दुसऱ्यांचं दुःख ऐकत बसतील.

आणखी एक माणूस सगळे विसरतात: पशुवैद्यकीय अधिकारी. काठच्या गावांत लोक घर सोडायला तयार नसतात त्याचं निम्मं कारण दावणीला असतं. दोन म्हशी, एक गाय, शेळ्या. ‘गुरं कुठं न्यायची’ याचं उत्तर नसेल तर ‘घर सोडा’ म्हणून कितीही कळकळीने सांगा, घरातला एक तरी माणूस मागे राहतोच, आणि मग त्याला काढायला रात्री होडी पाठवावी लागते. म्हणून पशुसंवर्धन विभागातून कुणालातरी पूर्ण एक तास द्या. गुरं कधी हलवायची, छावणीत कुठं बांधायची, वेळ उरला नाही तर दावं का कापायचं, एवढंच बोलायला सांगा. माझ्या मते हे सत्र पहिल्या दिवशी सकाळीच ठेवावं.

सरकारी माणसांना बोलवायची रीत वेगळी असते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. तुम्हाला सातारा जिल्ह्यातलेही अधिकारी हवे असतील तर दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांना स्वतंत्र पत्र द्या. एका कार्यालयाने दुसऱ्याला कळवलं असेल असं गृहीत धरू नका. पत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांना, आणि पोच म्हणून शिक्का मारलेला आवक क्रमांक हातात घ्या. एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, पथक हवं असेल तर ओळखीच्या जवानाला फोन लावून भागत नाही. त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबरे इथं आहे. जिल्हा प्रशासनाच्या पत्राने मागणी गेली की काम सुरळीत होतं. त्या पत्रात प्रात्यक्षिकाची जागा, पाण्याची खोली, होडी उतरवायला उतार आहे का, किती लोक बघणार आणि किती लोक प्रत्यक्ष करणार, हे सगळं घाला. नुसतं ‘प्रात्यक्षिक करावे’ लिहिलं तर पथक येतं, सुंदर प्रात्यक्षिक होतं, लोक टाळ्या वाजवतात आणि कुणालाच काही आलेलं नसतं.

अभ्यासू वक्ता हवा असेल तर पुण्यात यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र आहे. जलसंपदा विभागातून धरणाचा विसर्ग आणि नदीच्या पातळीचा हिशेब सांगणारा अभियंता मागा. त्याला विनंती करा की क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा सांगितला की लगेच ‘म्हणजे तुमच्या गावच्या कुठल्या खुणेपर्यंत’ हेही सांगायचं. सांगलीकराला क्युसेक कळत नाही असं नाही, पण त्याचा खरा प्रश्न ‘आयर्विनला किती फूट झालं’ हाच असतो. २००५ला ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, २०२१ला ५५च्या आसपास. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांना पाठ आहेत. त्या आकड्यांवरून बोलणारा माणूस लोक शेवटपर्यंत ऐकतात.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या विषयाचं काय करायचं, हेही आधीच ठरवा. सांगलीत पुरावर चार माणसं जमली की अलमट्टी निघतेच, आणि पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय तापलेला असताना ती निघणारच. धरणात पाणी अडवल्याने इकडे पूर वाढतो ही लोकांची भीती मनापासूनची आहे, तो विषय टाळणं मला बरोबर वाटत नाही. पण त्यासाठी एकच सत्र ठेवा, दीड तासाचं. शक्य असेल तर कर्नाटकच्या पाटबंधारे खात्यातलाही एक अभियंता बोलवा, कन्नड-मराठी दोन्ही येणारा दुभाषी द्या (मिरजेत आणि जतेत अशी माणसं सहज मिळतात), आणि सूत्रसंचालक असा निवडा की जो आवाज न चढवता माणसाला खाली बसवू शकतो. हे सत्र दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी ठेवलं तर पुढची सगळी प्रशिक्षणं त्या वादात वाहून जातात, हे मी दोनदा अनुभवलंय.

तारखेबद्दल. जून ते सप्टेंबर वक्ते, प्रशिक्षक, अधिकारी कुणीच मोकळं नसतं. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाच्या काळात वरिष्ठ अधिकारी तारीख देऊन ऐनवेळी निघून जातात. पौषात, म्हणजे साधारण जानेवारीत, मांढरदेव आणि पालच्या खंडोबाची यात्रा असते, साताऱ्याचे पोलीस आणि आरोग्य कर्मचारी तिकडे अडकतात. मार्चअखेर सरकारी कार्यालयात कुणाला बोलायलाही वेळ नसतो. माझ्या मते नोव्हेंबरचा उत्तरार्ध उत्तम. पावसाळ्यातलं सगळं लोकांच्या डोक्यात ताजं असतं आणि नदीत प्रात्यक्षिकापुरतं पाणी असतं. आचारसंहिता लागण्याची शक्यता तेवढी तपासा. नोव्हेंबरात परिषद असेल तर प्रशिक्षकांना पहिला फोन जुलैच्या आधीच व्हायला हवा.

बाहेरून येणाऱ्यांना मिरज जंक्शन सोयीचं, पण गाडी पहाटे पोचत असेल तर स्टेशनवर माणूस पाठवा. नुसती हॉटेलची जागा पाठवून देऊ नका.

आता मानधन. इथं माझं मत ठाम आहे. नावाड्याला आणि प्राध्यापकाला वेगवेगळी पाकिटं देऊ नका. एका तासाच्या सत्राचा एक दर ठरवा, तो सगळ्यांना सारखा. सरकारी अधिकारी मानधन घेऊ शकतात की नाही हे त्यांच्या कार्यालयाला विचारा. नाही म्हणाले तर प्रवास आणि राहण्याची सोय तेवढी करा. पण गावच्या माणसाचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो हे विसरू नका. आशाताईंचं काम तर कामावर आधारित मोबदल्याचं. शाल-श्रीफळाने त्यांची चूल पेटत नाही. आणि पैसे त्याच दिवशी द्या. एका परिषदेत होडी चालवायला शिकवणाऱ्या एका बापूंना आयोजकांनी बँक खात्याचा फॉर्म भरायला लावला, पॅन मागितलं, मग चार महिने काहीच नाही. पुढच्या वर्षी मी त्यांना बोलवायला गेलो तर त्यांनी मला चहा दिला, भाऊ म्हणून मान दिला, आणि यायला नाही म्हणाले. मला त्यांच्यापुढे बोलायला तोंड नव्हतं. हिशेबासाठी लागणारी पावती आधी तयार ठेवा, सही तिथंच घ्या.

बोटी, ड्रोन, अग्निशामक उपकरणं विकणाऱ्या कंपन्या तुम्हाला फुकट वक्ता देऊ करतील. सभागृहाबाहेर टेबल लावू द्या, साहित्य लोकांना हाताळू द्या. व्यासपीठ मात्र देऊ नका. सरपंचाच्या हाती निधी असतो आणि परिषदेच्या व्यासपीठावरून ऐकलेल्या वस्तूवर तो विश्वास ठेवतो. ती जबाबदारी तुमच्यावर येते.

आमंत्रणपत्र एका पानात बसवा. मी साधारण असं लिहितो:

‘‘आपण आमच्या गटाला पूरग्रस्त घरातून माणसे होडीत उतरवण्याचे प्रशिक्षण द्यावे, ही विनंती. गटात १५ जण असतील. त्यांपैकी ६ स्त्रिया, बहुतेक साडी नेसणाऱ्या. पोहता येणारे साधारण निम्मे. वेळ ९० मिनिटे, त्यातली किमान ६० मिनिटे प्रत्यक्ष कामाची असावीत. शेवटी प्रत्येकाला स्वतः जॅकेट घालता यावे, दुसऱ्याचे तपासता यावे आणि होडी भरली हे ओळखून ‘थांबा’ म्हणता यावे. भाषा मराठी. आपल्यासोबत स्थानिक सहप्रशिक्षक असतील, त्यांचा संपर्क आम्ही जोडून देऊ. मानधन अमुक, ते त्याच दिवशी दिले जाईल. आपणास काय साहित्य लागेल ते दहा दिवस आधी कळवावे.’’

‘थांबा म्हणता यावे’ हे वाक्य मी प्रत्येक पत्रात घालतो. एका प्रशिक्षकाने ते वाचून वेगळा खेळच तयार केला. जमिनीवर खडूने होडीचा आकार काढला, आत दहा माणसं बसवली, बाहेर वीस जणांना ओरडायला लावलं आणि एका मुलीला दोर हातात देऊन काठावर उभं केलं. पहिल्या वेळी तिने सोळा जण घेतले. दुसऱ्या वेळी बारा. तिसऱ्या वेळी तिने दहा झाल्यावर हात आडवा केला आणि तिच्याच वर्गातली मैत्रीण रडवेली होऊन ‘मला घे ना’ म्हणत होती तरी घेतलं नाही. नंतर पाच मिनिटं ती काही बोललीच नाही. प्रशिक्षकाने तिला एकटं सोडलं नाही, शेजारी बसून राहिला. असा माणूस शोधा.

राखीव माणूस प्रत्येक प्रशिक्षणासाठी हवा. बचाव पथकं कधीही निघून जातात, आणि जायलाच हवीत. माझ्या एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पथकाला दुसरीकडे दुर्घटनेवर जावं लागलं. महाबळेश्वर-सातारा पट्ट्यात दरीत उतरून माणसं काढणाऱ्या गिर्यारोहकांच्या तुकड्या आहेत. त्यांच्यापैकी चौघांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते पहाटे चारला निघाले, साडेआठला दोर बांधून तयार होते. त्यांनाही तेच पत्र, तेच मानधन द्यायचं. ‘आलात तर बरं होईल’ असं तोंडी सांगून ठेवलेला माणूस राखीव नसतो.

तुमच्या यादीतल्या नऊ वक्त्यांपैकी तिघांना ठेवा, पाटणच्या दरडींवर काम केलेल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना तर नक्कीच. बाकीच्यांना कळवायची वेळ आली तर स्वतः फोन करा आणि खरं कारण सांगा, की या वेळी हाताने शिकवणारे जास्त घेतोय. त्यातल्या एक-दोघांना श्रोते म्हणून यायचं निमंत्रण द्या. मिरज, पलूस, वाळवा आणि शिराळा या चारही पूरतालुक्यांतून किमान एकेक सहप्रशिक्षक मिळेपर्यंत कार्यक्रमपत्रिका छापायला टाकू नका. शिराळ्यातून कुणी मिळत नसेल तर मला कळवा. पूर ओसरल्यावर घरात निघणाऱ्या सापांबद्दल आणि सर्पदंश झाल्यावर दोरी न आवळता, जखम न चिरता माणसाला तडक दवाखान्यात कसं न्यायचं याबद्दल नीट शिकवणाऱ्या तिथल्या दोघी आशाताई मला माहीत आहेत. त्यांना विचारून त्यांचा होकार तुम्हाला कळवतो.